‘फॉर्म गेलाय’ म्हणण्याआधी : कॉलेजच्या टीममध्ये नव्याने आलेल्यांसाठी

जिमखान्याच्या दारात उभी राहून मी गेली चौदा वर्षं एक वाक्य ऐकते आहे. "मॅडम, फॉर्म गेलाय."

हेच वाक्य एका मुलीने म्हटलं तेव्हा तिचं हिमोग्लोबिन आठ होतं. एका मुलाने म्हटलं तेव्हा तो तीन आठवडे रात्री दोनच्या आत झोपला नव्हता. एकाच्या घरी कांदा सडला होता आणि मेसचे पैसे थकले होते, म्हणून तो रात्रीचं जेवण गाळत होता. आणि एकीला खरंच नैराश्य आलं होतं, औषधं लागणारं. चौघांचे शब्द मात्र तेच. गुडघा दुखला की तुम्ही किती नेमकं सांगता! आतल्या बाजूला, जिना उतरताना, सकाळी जास्त. मनाचं काही बिनसलं की सगळ्यांकडे मिळून एकच शब्द असतो, आणि तोही खेळाचा.

हा लेख पहिल्या वर्षाला आलेल्यांसाठी आहे. मी स्वतः कबड्डी खेळले, त्यामुळे उदाहरणं कबड्डीची जास्त येतील. खो-खो, कुस्ती, ॲथलेटिक्सवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

१. पहिला महिना : आधी जेवणाचं बघा

गावात तुमच्या नावाचा फ्लेक्स लागला होता. तालुक्यात पहिले, जिल्ह्यात निवड, शाळेत हार-नारळ. इथे ट्रायलला साठ जण आलेत आणि साठांच्याही गावात फ्लेक्स लागले होते. कबड्डीचा संघ बाराचा, त्यातले सात मॅटवर. म्हणजे चांगले खेळत असूनही बहुतेकांचं पहिलं वर्ष बाकावर किंवा बाकाच्याही मागे जातं. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. पहिले दोन-तीन महिने आपण कुणीच नाही असं वाटणार. ते वाटलं म्हणजे तुमच्यात खोट आहे असं नाही. जागा बदलली आहे, इतकंच.

या महिन्यात मोठमोठे संकल्प करू नका. तीन कामं उरका.

पहिलं काम मेसचं. संध्याकाळचा सराव सव्वाआठला सुटतो आणि बहुतेक मेस साडेआठला भांडी घासायला घेतात. आंघोळ करून जाईपर्यंत वरणाचं पातेलं पालथं पडलेलं असतं. मग बिस्किटं, मग मॅगी, मग रात्री अकराला वडापाव. दोन महिन्यांनी हाच खेळाडू माझ्याकडे येऊन सांगतो की अंगात दम राहत नाही, चिडचिड होते, वर्गात डोळा लागतो. मेसवाल्या काकांना पहिल्याच आठवड्यात भेटा, "काका, माझा डबा काढून ठेवाल का?" म्हणून विचारा. नाही म्हणाले तर तुमच्या जिमखाना सरांना सांगा, त्यांनी फोन केला की ठेवतात. पैशांची अडचण असेल तर तीही त्याच दमात सांगा. लाज वाटत असेल तर खाशाबा जाधवांची गोष्ट आठवा. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले होते, तरी १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. तुम्हाला तर फक्त डबा झाकून ठेवायला सांगायचं आहे.

दुसरं काम माणसांचं. टीमच्या बाहेरचा एक मित्र किंवा मैत्रीण हवी, जिला तुमचा स्कोअर माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचाही नाही. टीममधला एक सीनियर हवा. आणि कॉलेजमधलं एक मोठं माणूस हवं, मग ते जिमखान्यातलं असो, वर्गशिक्षक असो की ग्रंथालयातल्या मावशी. माझी माणसं ग्रंथालयात होती.

तिसरं, हजेरी. स्पर्धेला जाण्याआधी जिमखान्यातून पत्र घ्या, विभागात देऊन पोच घ्या, तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. डिसेंबरात ‘डिफॉल्टर’च्या यादीत नाव लागलं की त्या टेन्शनचं खापरही शेवटी फॉर्मवरच फुटतं.

२. वही ठेवा, रोज चार ओळी

ॲप नको. दहा रुपयांची वही घ्या. सकाळी उठल्यावर अंथरुणातच एक मिनिट नाडी मोजा आणि चार गोष्टी लिहा : झोप किती, नाडी किती, काल काय खाल्लं, आणि आज मैदानावर जावंसं किती वाटतंय, शून्य ते दहा.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीतलं पान तिच्या परवानगीने देते :

"सोम. झोप ७. नाडी ५८. जेवण नीट. जावंसं ८.
मंगळ. झोप ५, रूममध्ये बर्थडे. नाडी ६१. दुपारी पोळी-भाजी, रात्री मॅगी. जावंसं ६.
बुध. झोप ४॥. नाडी ६८. चहा-खारी. जावंसं ३. पकड करताना भीती वाटली, का माहीत नाही.
गुरु. नाडी ६९. लिहावंसं वाटत नाही."

‘लिहावंसं वाटत नाही’ ही ओळ फार कामाची. वही बंद पडते तो दिवस बहुधा त्रासाचाच निघतो. म्हणून ती बंद पडली तर का पडली, एवढं तरी लिहा.

नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वाढलेली सलग चार-पाच दिवस दिसली तर शरीर भरून येत नाहीये असा एक अंदाज बांधता येतो. ताप येणार असेल, झोप कमी पडत असेल, सराव जास्त होत असेल किंवा डोक्यात काहीतरी घोळत असेल. एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नका. ‘जावंसं’चा आकडा मात्र दोन आठवडे तीन-चारच्या वर गेला नाही, आणि त्यासोबत भूक, झोप, गप्पा, अभ्यास या सगळ्यातलाच रस गेला असेल, तर थेट या लेखाच्या सातव्या भागाकडे उडी मारा. दोन आठवडे ही मुदत मी मनाने काढलेली नाही. नैराश्याची चाचपणी करताना डॉक्टर जी नऊ प्रश्नांची यादी वापरतात, तीही मागच्या दोन आठवड्यांबद्दलच विचारते.

झोपेविषयी एक गोष्ट सांगते, कारण ‘मला सहा तास पुरतात’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ११ बास्केटबॉलपटूंना काही आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. त्यांचा धावण्याचा वेग वाढला, फ्री थ्रो नऊ टक्क्यांनी सुधारले आणि मूडही सुधारला. आपल्या होस्टेलमध्ये दहा तास मिळणं हा विनोद आहे, मला कळतं. पण पहाटे साडेपाचचा सराव असेल तर साडेनऊला मोबाइल दुसऱ्या टोकाच्या सॉकेटला लावून झोपणं जमतं. पहिले चार दिवस रूममेट हसतात. नंतर तेही झोपतात.

३. शब्दाखाली काय आहे ते शोधा

आता तो शब्द. ‘फॉर्म गेलाय’ असं तोंडावर आलं की आधी वही काढा आणि या क्रमाने बघा.

झोप आणि जेवण. निम्म्या केसेस इथेच मिटतात.

मग रक्त. थकवा, धाप, चिडचिड, रडू येणं ही लक्षणं लोहाच्या कमतरतेत, थायरॉइडच्या बिघाडात आणि बी-१२ कमी असतानाही दिसतात, त्यामुळे डॉक्टरांना सांगून तपासणी करून घ्या. मुलींनी पाळीची तारीख त्याच वहीत लिहावी. सलग तीन महिने पाळी आली नाही तर ‘बरं झालं, स्पर्धेत कटकट नाही’ असं म्हणू नका. सराव भरपूर आणि खाणं अपुरं असं दीर्घकाळ चाललं की शरीर एकेक खातं बंद करतं : पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, मन खचतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. मुलांमध्येही ती होते, फक्त पाळीसारखी उघड खूण नसल्यामुळे उशिरा कळते.

मग बाहेरचं. घरची अडचण, पैसे, ब्रेकअप, रूममधली भांडणं, प्रशिक्षकांचा धाक. यातलं काय आहे ते स्वतःशी तरी मोठ्याने म्हणा. "मला बाबांच्या कर्जाचं टेन्शन आहे" हे वाक्य "फॉर्म गेलाय"पेक्षा जड वाटतं, पण त्यावर कुणाला काही करता येतं.

आणि हे सगळं तपासूनही उत्तर मिळालं नाही, तर त्रास मनाचाच असू शकतो. मुलांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. ती रडत बसत नाहीत, ती चिडतात. पंचांशी वाद, ज्युनियरला शिवी, सरावाला दांडी, मग तंबाखू, मग बिअर. आम्ही शिक्षक त्याला माज म्हणून मोकळे होतो. मीही झाले आहे.

४. मॅचच्या आधीची कालवाकालव

मॅचच्या सकाळी तीनदा संडासला जावं लागणं, तोंड कोरडं पडणं, हात गार पडणं हे आजारपण नाही. राष्ट्रीय खेळाडूंनाही होतं, फक्त ते सांगत नाहीत. ते घालवायच्या मागे लागू नका, त्याच्यासकट खेळायला शिका.

कबड्डीत चढाई तीस सेकंदांची. त्या तीस सेकंदांआधीची दहा सेकंदं तुमची स्वतःची असतात, ती रोज सारखी घालवा. आमच्या टीममधली एक चढाईपटू मध्यरेषेला हात लावते, हात कपाळाला लावते, उजव्या बुटाची लेस चाचपते, एक लांब श्वास सोडते आणि मग "कबड्डी" म्हणते. सरावात, मैत्रीपूर्ण सामन्यात, फायनलला, दरवेळी तसंच. लोकांना ती श्रद्धा वाटते. तिला त्यातून इतकंच मिळतं की त्या दहा सेकंदांत डोक्याला काय करायचं ते ठरलेलं असतं. तुमची अशी साखळी सरावात बसवा, मॅचच्या दिवशी नवी शोधू नका.

आदल्या रात्री झोप येत नसेल तर चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं करा. तरीही झोप आली नाही तर पडून राहा. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने मॅच जात नाही. झोप आली नाही या काळजीने मात्र जाते.

पण एक फरक ओळखा. छातीत धडधड, हात थरथरणं, ‘आता मरतोय’ असं वाटणं आणि वीस-तीस मिनिटांत ओसरणं हा भीतीचा झटका असू शकतो. धावताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर मात्र ‘टेन्शन आहे’ म्हणून सोडू नका. आधी ईसीजी आणि डॉक्टर. पहिल्यांदाच झटका आला असेल तरी एकदा हृदय तपासून घेतलेलं बरं.

अवघड उड्यांचे खेळ खेळणाऱ्यांसाठी अजून एक. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने सांघिक फायनल अर्ध्यावर सोडली, कारण हवेत असताना आपण कुठे आहोत हेच तिला कळेनासं झालं होतं. लोकांनी तिला काय काय म्हटलं! पॅरिसला २०२४ मध्ये ती तीन सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन गेली. ‘आज उडी मारू नये’ असं मनापासून वाटत असेल तर मारू नका, पाठीचा कणा एकच आहे.

५. वजन

कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंगवाले, तुमच्यासाठी. पॅरिसमध्ये विनेश फोगाट पन्नास किलोच्या अंतिम फेरीआधी शंभर ग्रॅमने अपात्र ठरली, तेव्हा तालमीतल्या प्रत्येकाला ती रात्र कळली असेल : घाम काढणं, पाणी तोडणं, केस कापणं. तिच्यासोबत डॉक्टर, आहारतज्ज्ञ होते. तुमच्यासोबत फक्त प्लास्टिकचा जॅकेट घातलेला मित्र असतो.

पाणी तोडलेल्या, उपाशी डोक्याला सगळं काळंच दिसतं. वजनाच्या आठवड्यात घर सोडायचे, खेळ सोडायचे, प्रेम तोडायचे निर्णय घेऊ नका. लघवी वाढवणारी गोळी तर कुणी दिली तरी घेऊ नका. तिने शरीरातले क्षार कोसळतात, आणि ती उत्तेजकविरोधी नियमांत स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंद आहे. दर वेळी पाच-सहा किलो उतरवावे लागत असतील तर वजनगट बदलण्याचं वस्तादांशी बोला. आणि खाऊन मुद्दाम उलटी काढायची सवय लागली असेल तर त्याला ‘कटिंग’, म्हणजे नुसतं वजन उतरवणं, म्हणू नका. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत.

६. दुखापत झाली तर

इथे मी थोडी लांबण लावणार आहे.

दुसऱ्या वर्षी इंटरझोनलच्या मॅचमध्ये माझा गुडघा वळला. ‘कट्’ असा आवाज मी ऐकला, शेजारी उभ्या असलेल्या कोपरारक्षकानेही ऐकला. लिगामेंट, ऑपरेशन, किमान नऊ महिने बंद. हॉस्पिटलात पहिल्या दिवशी अख्खी टीम आली, तिसऱ्या दिवशी दोघी, दहाव्या दिवशी कुणी नाही. त्यांची चूक नव्हती, स्पर्धा चालू होती. कुबड्यांवर कॉलेजला आले त्या आठवड्यात जिमखान्यातून निरोप आला, "ट्रॅकसूट जमा कर, बदली खेळाडूला द्यायचाय." मी तो धुतला, इस्त्री केला आणि दिला. रडले नाही. पण त्यानंतर चार महिने मी होस्टेलवरून वर्गात जायला मागचा रस्ता धरला, कचराकुंडीजवळचा, कारण पुढच्या रस्त्यावरून मैदान दिसायचं. फिजिओचे व्यायाम बंद केले. घरी सांगत होते, "बरं चाललंय." गुडघा हळूहळू भरून येत होता, मी भरून येत नव्हते, आणि हे दोन वेगळे हिशेब असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका सीनियर ताईने सामन्याचं गुणपत्रक हातात ठेवलं. "कुणाला येत नाही नीट भरता, तू ये मंगळवारी." मी गेले. चढाई, बोनस, सुपर टॅकल लिहीत बसायचे. मैदानाच्या कडेची ती प्लास्टिकची खुर्ची नसती तर आज मी या नोकरीत नसते.

तर दुखापत झाल्यावर करायचं ते असं. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांकडून तारीख नको, टप्पे लिहून घ्या : कुबड्या कधी, जिना कधी, धावणं कधी, अंगाला अंग भिडणारा सराव कधी. ‘सहा महिन्यांनी खेळशील’ हे वाक्य फार वाईट, कारण सहाव्या महिन्यात खेळता आलं नाही की माणूस कोसळतो. मैदानावर आठवड्यातून दोनदा जा, पण नुसतं बघायला जाऊ नका, काम मागून घ्या. गुण लिहा, व्हिडिओ काढा, ज्युनियरचा वॉर्म-अप घ्या. वही चालू ठेवा, ‘जावंसं’च्या जागी ‘व्यायाम केला का’ लिहा. परतल्यावर पहिल्या पकडीत पाय आपोआप मागे येईल. तो भित्रेपणा नव्हे, गुडघ्याला आठवण असते. अर्ध्या जोराने वीस वेळा करा, मग पाऊण जोराने.

आणि टीममधल्या कुणाला दुखापत झाली असेल तर अकराव्या दिवशी जा. आमच्या जिमखान्यात आता जखमी खेळाडूचा ट्रॅकसूट परत घेत नाहीत. तेवढा एक नियम मी भांडून करून घेतलाय.

७. कुणाला सांगायचं आणि कसं

सांगायची तालीम करा, चढाईची करता तशी. वाक्यं अशी :

प्रशिक्षकांना : "सर, तीन आठवडे झोप लागत नाहीये, सरावात लक्ष नाही. मी डॉक्टरांना दाखवतोय. पुढचे दहा दिवस हलका सराव चालेल का?" यात कारण आलं, तुम्ही काय करताय ते आलं आणि तुम्हाला काय हवंय ते आलं. सगळे सर ऐकतीलच असं नाही. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" ऐकायची तयारी ठेवा. होतं, सर, फक्त त्याला फॉर्म म्हणायचे.

घरी : आई विचारते जेवलीस का, बाबा विचारतात जिंकलीस का. दोन्ही काळजीच, पण दुसऱ्या प्रश्नाने फोन उचलावासा वाटत नाही. एकदा शांतपणे सांगा, "बाबा, मॅचच्या दिवशी मीच फोन करेन." बरेच बाबा ऐकतात.

माणसं कोण कोणती ते नीट समजून घ्या. कॉलेजचे समुपदेशक बोलून वाट काढायला मदत करतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ तपासणी आणि मानसोपचार करतात. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेले डॉक्टर, औषधं लागली तर ते देतात. खिशात पैसे नसतील तर जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात जा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. जायचीही हिंमत होत नसेल तर १४४१६. हा ‘टेलि-मानस’चा नंबर, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

"सरांना कळेल का?" २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तुम्हाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असण्यासारखे थोडे अपवाद सोडले तर अठरा वर्षांवरच्या माणसाबद्दलची माहिती डॉक्टर त्याच्या संमतीशिवाय प्रशिक्षकांना देऊ शकत नाहीत.

"गोळी डोपिंगमध्ये सापडेल का?" हा प्रश्न मला कुजबुजत विचारतात. नैराश्य आणि चिंतेसाठी सर्रास दिली जाणारी एसएसआरआय गटातली औषधं प्रतिबंधित यादीत नाहीत. पण थरथर कमी करायला दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल नेमबाजी आणि तिरंदाजीत बंद आहे, आणि एडीएचडीसाठीचं (लक्ष एका जागी न टिकण्याच्या त्रासावरचं) मिथाइलफेनिडेट स्पर्धेच्या काळात सगळ्या खेळांत बंद आहे. त्यासाठी ‘टीयूई’ नावाची सवलत आधी घ्यावी लागते. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत "मी स्पर्धा खेळते" असं सांगा आणि औषधाचं नाव ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या ‘नो युअर मेडिसिन’ ॲपवर तपासा. स्पर्धा आली म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, त्याचा त्रास मॅचपेक्षा मोठा असतो.

८. जिथे बिघाड तुमच्या मनात नाही, समोरच्या माणसात असतो

प्रशिक्षक रोज चारचौघांत अंगावरून, जातीवरून बोलत असेल, मारत असेल, मसाजच्या नावाखाली हात लावत असेल, निवडीच्या बदल्यात काही मागत असेल, तर श्वासाचे व्यायाम करत बसू नका. तारीख-वेळ वहीत लिहा, मेसेज जपा, एका मैत्रिणीला सांगा. लैंगिक छळासाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे, तिच्या सदस्यांची नावं फलकावर शोधा. सीनियरांचं रॅगिंग असेल तर १८००-१८०-५५२२ हा यूजीसीचा नंबर. ‘टीममधलं टीममध्ये’ हे वाक्य खेळात डावपेचांपुरतं ठीक.

९. पाच टक्क्यांचं ओझं

खेळाडूंना राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे आणि घरचं सगळं गणित त्यावर मांडलेलं असतं. मग प्रत्येक मॅच नोकरीची मुलाखत होते. माझा व्यवहारी सल्ला : पहिल्याच वर्षी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन कोणत्या स्पर्धेचं, कितव्या क्रमांकाचं प्रमाणपत्र चालतं ते विचारून या. प्रत्येक प्रमाणपत्र चालत नाही, आणि हे शेवटच्या वर्षी कळलेली पोरं मी पाहिली आहेत. दुसरं, पदवी सोडू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे रेल्वेत टीसी होता आणि २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकला. पोट भरायची सोय झाल्यावर ट्रिगरवरचं बोट हलकं होत असेल, असा माझा आपला कयास.

जिंकल्यावरही रिकामं वाटू शकतं, हेही ठाऊक असू द्या. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकलं आणि त्यानंतर आलेल्या रितेपणाबद्दल तो पुढे उघडपणे बोलला. राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘अश्वमेध’ स्पर्धेचं पदक घेऊन आलेली आमची एक मुलगी आठवडाभर खोलीतून बाहेर आली नव्हती. स्पर्धा संपली की पहिले दहा दिवस काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा : घरी जाणं, राहिलेली सबमिशन्स, एक सिनेमा, भरपूर झोप.

१०. मित्राचं काही खरं दिसत नसेल तर

किट वाटून टाकणं, उधारी फेडत सुटणं, ‘माझ्याशिवाय टीम चांगली खेळेल’ अशी वाक्यं, अचानक आलेली शांतता. यातलं काही दिसलं तर सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतायत का?" विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचंच बरं वाटतं. हो म्हटलं तर भाषण देऊ नका, आईवडिलांची शपथ घालू नका. शेजारी बसा, एकटं सोडू नका, गोळ्या, कीटकनाशक, दोरी जे काही जवळ असेल ते लांब करा, आणि तिथूनच १४४१६ लावा. काही करून बसला असेल तर ११२ किंवा सरळ हॉस्पिटल. पोलिस केस होईल म्हणून उशीर करू नका. २०१७ च्या त्याच कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते, उपचार द्यायचे असतात. गुपित ठेवायचं वचन दिलं असेल तर ते खुशाल मोडा, नंतर भांडायला तो असेल.

आता मोबाइल काढा आणि १४४१६ हा नंबर सेव्ह करा. नाव काहीही द्या. आमच्या टीममधल्या एकीने ‘मेसवाले काका २’ असं ठेवलंय, म्हणजे रूममेटने बघितलं तरी काही वाटत नाही. मागच्या नोव्हेंबरात तिने तो लावलाही. पस्तीस मिनिटं बोलली, आणि मग खऱ्या मेसवाल्या काकांकडे जाऊन झाकून ठेवलेला डबा मागितला.